रक्त आपलं, जबाबदारी कुणाची?

गुडघे दुखतात म्हणून खुर्चीवर बसून नमाज पढणारी अम्मी किंवा खाला आपल्यापैकी अनेकांच्या घरात आहे. निकाह ठरण्याआधीच केस विरळ झाले म्हणून काळजीत पडलेला भाऊही आहे. दोघांनाही हल्ली एकच उपाय सुचवला जातो: पीआरपी. आपलंच रक्त काढायचं, यंत्रात फिरवायचं, त्यातला प्लेटलेट्सचा भाग वेगळा करून गुडघ्यात किंवा टाळूत टोचायचा. एका इंजेक्शनचे हजारो रुपये.

पीआरपीवर बंदी घाला असं माझं म्हणणं नाही. काही अभ्यासांत फायदा दिसला आहे. पण ऑस्ट्रेलियात गुडघ्याची झीज झालेल्या २८८ जणांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. काहींना पीआरपी दिलं, काहींना नुसतं सलाईन. वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या दुखण्यात लक्षणीय फरक नव्हता. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत पाळी करणाऱ्या कामगाराला पैसे मोजण्याआधी हे कुणी सांगतं का?

‘स्वतःचंच रक्त, मग धोका कसला?’ असं म्हणतात. रक्त आपलं असतं. सुई, नळी आणि टोचणारा हात आपला नसतो. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमध्ये परवाना नसलेल्या एका स्पात चेहऱ्यावर पीआरपी करून घेतलेल्या महिलांना एचआयव्हीची लागण झाली. चौकशी अवघड गेली, कारण तिथे ग्राहकांची नीट नोंदच नव्हती.

नोंदीचं मोल यवतमाळला सांगायला नको. ३१ जानेवारी २०२१ रोजी घाटंजी तालुक्यात १२ बालकांना पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. चूक भयंकर होती. पण डोस कुठे, कुणी, कोणत्या मुलांना दिला हे सांगता येत होतं. म्हणून मुलं रुग्णालयात पोचली आणि कारवाईही झाली. बंद खोलीतल्या इंजेक्शनचं काय?

इथेच कायद्यात फट आहे. बाटलीतल्या औषधाच्या लेबलवर टक्कल बरं करण्याचा दावा करायला औषध नियमांनी मनाई आहे. पीआरपीला मात्र बाटलीही नाही आणि लेबलही नाही. राज्याचा १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा मुख्यतः रुग्ण दाखल करून घेणाऱ्या ठिकाणांसाठी आहे. तासाभरात घरी पाठवणारं क्लिनिक त्यातून सहज निसटतं.

म्हणून मागणी साधी आहे. पीआरपी फक्त प्रशिक्षित, नोंदणीकृत डॉक्टरच देतील. प्रत्येक इंजेक्शनची नोंद राहील. फायद्याची खात्री किती, हे रुग्णाला त्याच्या भाषेत लिहून मिळेल. यामुळे उपचार महागतील, छोट्या गावांतून निघून जातील, असा आक्षेप येईल. पण एक रजिस्टर आणि एक कागद यांचा खर्च तो किती? आणि जो डॉक्टर एवढंही करायला तयार नाही, तो गावात नसलेलाच बरा.

हाच नियम आपण आपल्यालाही लावू या. हिजामा शिबिरांतही रक्त निघतं. तिथे ब्लेड नवं आहे का, करणारा शिकलेला आहे का, नोंद होते का, हे आपण विचारतो का? सुन्नत म्हटलं की प्रश्न संपत नाहीत. वैद्यकीचं ज्ञान नसताना उपचार करणारा नुकसानीला जबाबदार असतो, हे तत्त्व आपल्याच हदीस परंपरेत आहे.

शरीर ही अमानत आहे. पुढच्या वेळी अम्मीबरोबर क्लिनिकमध्ये जाल, तेव्हा सुई टोचण्याआधी डॉक्टरांची नोंदणी विचारा आणि उपचाराचा कागद मागा. लाजू नका.