शौर्यकथेंतील वगळलेलें पान

परभणी जिल्ह्यांतील आमच्या बोरी गांवापासून समुद्र फार दूर. त्यामुळें नौसेनेची गोष्ट येथील मुलांस अद्भुत वाटते. परवां अंगणांत कॅप्टन मोहन नारायण सामंत यांचें चरित्र सांगत असतां एका मुलीनें विचारलें, “गुरुजी, त्या बोटी शत्रूनें बुडविल्या ना?” आम्ही क्षणभर थांबलों. खरें उत्तर ‘नाहीं’ असें होतें.

सामंत हे १९६९ सालीं ‘करंज’ या पाणबुडीचे पहिले अधिपति झाले. १९७१ सालीं मुक्तिवाहिनीच्या जलवीरांच्या गुप्त कामगिरीचीं सूत्रें त्यांच्याकडे आलीं. पलाशीजवळ भागीरथीच्या कांठीं बंगाली तरुण पोहण्याचें व जहाजास सुरुंग लावण्याचें शिक्षण घेत. ऑगस्टच्या १५ तारखेच्या रात्रीं त्यांनीं चितगांव, मोंगला, चांदपूर व नारायणगंज येथें जहाजांस सुरुंग लाविले.

डिसेंबरांत ‘पनवेल’, ‘पद्मा’ व ‘पलाश’ या लहान नौका घेऊन सामंत नदीमार्गानें मोंगल्याहून खुलन्यावर चालून गेले. तेथें १० डिसेंबर रोजीं आपल्याच विमानांनीं त्यांस शत्रु समजून मारा केला. ‘पद्मा’ व ‘पलाश’ बुडाल्या. ‘पलाश’च्या यंत्रावरील रुहुल अमीन त्या दिवशीं कामास आले, बांगलादेशानें त्यांस ‘बीरश्रेष्ठ’ हा सर्वोच्च सन्मान दिला. शत्रूचा गोळीबार चालू असतां सामंतांनीं ‘पनवेल’वर बुडत्यांस ओढून घेतलें, जखमींची व्यवस्था लाविली, आणि पुन्हां खुलन्याच्या लढाईस तोंड दिलें. सरकारनें त्यांस महावीरचक्र दिलें. ते २०१९ सालीं निवर्तले.

मुलांची श्रद्धा ढळेल या भीतीनें वडील माणसें अशा कथेंतील चूक गाळतात. शाळेंत आम्हींही वर्षानुवर्षें तेंच केलें. परंतु ती गाळली, तर सामंतांनीं काय सोसलें हेंच मुलांस कळत नाहीं. शत्रूवर चालून जाण्यास आवेश साह्य करितो. स्वकीयांच्या हातून घाव बसल्यावर रागावण्यास वेळ न देतां माणसें वांचविणें, यास निराळें धैर्य लागतें. म्हणून आम्हीं त्या मुलीस सर्व कांहीं सांगितलें.

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “पण त्या वैमानिकांना कळलें, तेव्हां त्यांना काय वाटलें असेल?”

यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. वाचकांनीं आपल्या घरीं ही कथा सांगावी, आणि हा प्रश्नही गाळूं नये.