बाईचं वय कोणी ठरवायचं?

मैत्रिणींनो, परवा दौंड तालुक्यातल्या भीमेकाठच्या एका गावात बचतगटाची बैठक होती. गटातल्या एका ताईला पिठाच्या गिरणीसाठी कर्ज हवं होतं. वय चव्वेचाळीस. हिशेब चोख, जागा घरचीच. पण सहीची वेळ आली तशी ती मागं सरली. म्हणाली, "मुलाचं लग्न ठरतंय. सासू झाल्यावर गिरणीवर बसणं बरं दिसतं का? लोक काय म्हणतील?" बाकीच्या बायकांनीही माना डोलावल्या. मला जास्त वाईट वाटलं ते त्याचं.

'सासू' म्हटल्यावर मला आठवली 'चार दिवस सासूचे'मधली आशा देशमुख, म्हणजेच रोहिणी हट्टंगडी. ई टीव्ही मराठीवर २००१ साली सुरू झालेली ही मालिका २०१३ पर्यंत चालली. तीन हजारांहून अधिक भाग झाले! आमच्या शिरूरकडे भारनियमनामुळे एखादा भाग चुकला, तर दुसऱ्या दिवशी पाणी भरताना एकमेकींना विचारून गोष्ट पुरी व्हायची.

मालिका सुरू झाली तेव्हा रोहिणीताई पन्नाशीच्या होत्या. पण म्हातारपण त्यांच्या वाट्याला फार आधीच आलं होतं. पुण्याच्या ओकांची ही मुलगी दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकली, १९८२ च्या 'गांधी' चित्रपटात कस्तुरबा झाली आणि त्यासाठी तिला ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. तेव्हा वय तिशीच्या आसपास. पुढं काय? १९८४ च्या 'सारांश'मध्ये तरुण मुलगा गमावलेली म्हातारी आई. १९९० च्या 'अग्निपथ'मध्ये अमिताभ बच्चनची आई. खरं तर अमिताभ त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे! पुरुष पन्नाशीकडे झुकला तरी नायक आणि बाई चाळिशीच्या आतच आई. हा कुठला न्याय?

पण रोहिणीताई रुसून घरी बसल्या नाहीत. 'होणार सून मी ह्या घरची'मध्ये त्या आईआजी झाल्या. २०२३ च्या 'बाईपण भारी देवा'मध्ये सहा बहिणींतली थोरली झाल्या, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती.

मालिकांमधल्या कटकारस्थानांबद्दल माझी तक्रार आहेच. पण पडद्यावरची सासू आपण वर्षानुवर्षं पाहिली, आणि ती सासू उभी करणारी बाई त्या वयात कामावर जात होती, हे मात्र आपल्या लक्षातच आलं नाही.

सिनेमावाले बाईला लवकर म्हातारी करतात, हे खरं. पण आपण तरी वेगळं काय करतो? रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या लेकीचं कौतुक करायचं आणि तिच्या आईनं काही करायचं म्हटलं, की "आता या वयात?" असं विचारायचं. शेतात खुरपायला, उसाच्या लागणीला मात्र तिचं वय कधी आड येत नाही! स्वतःच्या नावावर चार पैसे कमवायचे म्हटले की तेवढं आठवतं.

मुलांनो, होऊ घातलेल्या सुनांनो, आईला आधी तुम्हीच म्हणा, "तू कर, आम्ही आहोत." आणि बायांनो, बैठकीत माना डोलावण्याआधी जरा थांबा.

त्या ताईचा कर्जाचा अर्ज मी फाडलेला नाही. माझ्या पिशवीतच आहे. पुढच्या बैठकीला पुन्हा बाहेर काढणार आहे.