कामाचा दौरा आणि तिसरा प्रश्न



गेल्या महिन्यात कामानिमित्त आम्ही शिकागोला होतो. मिशिगन सरोवराच्या काठी मॅककॉर्मिक प्लेस नावाचे परिषदगृह आहे. चार इमारतींचा पसारा, एका दालनातून दुसऱ्या दालनात पोहोचेपर्यंत व्याख्यानाची पहिली पाच मिनिटे हुकलेलीच असतात. सकाळी नोंदणीच्या टेबलावर गळ्यात अडकवायचा बॅज मिळाला. वर मोठ्या अक्षरांत नाव, त्याखाली आडनाव, सर्वांत खाली कंपनी. अमेरिकन माणसाची नजर पहिल्या ओळीवरून थेट तिसऱ्या ओळीवर जाते. आपल्या देशबांधवांची नजर मधल्या ओळीवर थांबते. ती क्षणभरच थांबते, पण ज्यांना त्या नजरेची सवय आहे त्यांना तो क्षण बरोबर कळतो.

मग कॉफीच्या सुट्टीत संभाषण सुरू होते. "कुठले तुम्ही?" नाशिकचे. "नाशिकमध्ये कुठे?" नाशिकरोड. "हो, पण मूळ गाव कोणतं? हे आडनाव तिकडचं वाटत नाही." पहिले दोन प्रश्न कोणीही कोणालाही विचारावेत असे. तिसरा प्रश्न मात्र गावाविषयीचा नसतो. तो टाळला तर रात्रीच्या जेवणात शाकाहारी की मांसाहारी या वाटेने परत येतो, नाहीतर लग्न कोणत्या पद्धतीने झाले या वाटेने.

या प्रश्नाला कंटाळून आम्ही अनेक वर्षे एक सोपा मार्ग पत्करला होता. दिवसभर व्याख्याने ऐकायची, आपला निबंध सादर करायचा आणि संध्याकाळी "उद्या लवकर उठायचे आहे" असे सांगून सँडविच घेऊन हॉटेलच्या खोलीत शिरायचे. यात आम्हांला थोडा अभिमानही वाटे. वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरीला होते. वशिला हा शब्द ते शिवीसारखा उच्चारत. आपले काम चोख असावे, कोणाच्या दारात जाऊ नये, हा त्यांचा दंडक होता. आयुष्यभर "राखीव जागेवरचे" असे ऐकून घेतलेल्या माणसाचा तो दंडक होता. त्याला नावे ठेवण्याचा आम्हांला अधिकार नाही.

परंतु या देशातील नोकरीचा बाजार कसा चालतो हे आम्हांला उशिरा कळले. जागेची जाहिरात झळकते तेव्हा बऱ्याचदा त्या विभागातील कोणीतरी आपल्या ओळखीच्या माणसाचे नाव आधीच सुचवलेले असते. बहुतेक मोठ्या कंपन्यांत त्यासाठी रीतसर व्यवस्था असते, सुचवलेला माणूस घेतला गेला तर सुचवणाऱ्याला बक्षीसही मिळते. हा वशिला नव्हे. मुलाखत सर्वांचीच होते. मात्र शेकडो अर्जांतून कोणता अर्ज उघडून पाहिला जाईल, हे त्या नावावर ठरते. ज्यांचे मामा, मावसभाऊ आणि वसतिगृहातील सोबती तीस वर्षांपासून येथे आहेत, त्यांना परिषदेतील जेवण चुकले तरी चालते. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरातून विमानात बसलेली ही पहिलीच पिढी. आपले जेवण चुकले की सगळेच चुकते.

बाबासाहेबांनी अशा ओळखींना कमी लेखले नाही. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातून ते लंडनला गेले, तेव्हा प्राध्यापक सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील प्राध्यापक फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी पत्र लिहिले होते आणि फॉक्सवेल यांनी पुढे संस्थेच्या सचिवांना लिहिले. न्यूयॉर्कच्या वसतिगृहात जुळलेली नवल भथेना यांची मैत्री तर आयुष्यभर पुरली. १९२० साली अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला जाताना स्वतःची शिल्लक आणि शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या जोडीला या पारशी मित्राने दिलेले कर्ज होते. त्याआधी तीनच वर्षे, १९१७ मध्ये, बडोद्याच्या पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले होते. समाज पाहून माणूस ठरवायचा असता, तर भथेनांशी मैत्री टिकायला नको होती.

१९४६ मधील आणखी एक पत्र आम्हांला फार मोलाचे वाटते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे वाचून बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना लिहिले. प्रत्यक्ष भेट झालेली नव्हती. पत्र छोटे आहे: आपण कोण, कशासाठी लिहीत आहोत आणि काय हवे आहे, तर त्या अर्जाच्या प्रती. जुलैअखेर ड्युबॉइस यांनी उत्तर लिहिले. अनोळखी माणसाला पत्र कसे लिहावे हे शिकवणाऱ्या पुस्तकांवर पैसे घालवण्यापूर्वी आपल्या मुलांनी ही दोन पत्रे वाचावीत.

आता एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगण्यास अनेक वर्षे लावली. अटलांटातील एका परिषदेत एकदा आम्ही धीर करून रात्रीच्या जेवणाला थांबलो होतो. टेबलावर चार मराठी मंडळी होती, गप्पा रंगल्या होत्या, तिसरा प्रश्न अजून आला नव्हता. एक तरुण अभियंता जवळ आला. आमचा बॅज वाचून, वाकून, अगदी हळू आवाजात म्हणाला, "जय भीम, सर. मी नागपूरचा." आम्ही "हॅलो" म्हणालो. इंग्रजीत विचारले, "कोणत्या कंपनीत?" त्याने कंपनीचे नाव सांगितले, कार्ड दिले आणि तो निघून गेला. पुढचे दोन दिवस तो दिसला तेव्हा लांबूनच मान हलवी. त्याला काय हवे होते हे आम्ही विचारलेच नाही. कदाचित काहीच नको असेल, शेजारी बसून चार घास खायचे असतील.

ते कार्ड पुष्कळ दिवस बॅगेच्या कप्प्यात राहिले. पुढे एकदा त्यावरील पत्त्यावर ईमेल पाठवली. तो कंपनी सोडून गेला होता. ईमेल परत आली.

यावेळी शिकागोत तिसरा प्रश्न आला तेव्हा आम्ही सरळ उत्तर दिले. "आम्ही आंबेडकरी, बौद्ध. बरं, तुमचं काम कशाचं चालू आहे?" एक गृहस्थ चहा आणायला म्हणून उठले ते परतलेच नाहीत. सोलापूरच्या एक बाई मात्र बसून राहिल्या. त्या रुग्णालयांच्या नोंदींची प्रणाली बांधतात. अर्धा तास त्याविषयी बोलल्या आणि दुसऱ्या दिवशी आपल्या वरिष्ठांशी गाठ घालून दिली. हिशेब मांडला तर एक गेला, एक मिळाली.

सर्वांनी असेच उत्तर द्यावे असे आम्ही म्हणणार नाही. ज्याचा व्हिसा नोकरीला बांधलेला आहे, नोकरी गेल्यास ज्याच्या हाती फार तर साठ दिवस आहेत आणि ज्याचा साहेब त्याच टेबलावर बसला आहे, त्याने गप्प राहणे आम्ही समजू शकतो. सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून होणाऱ्या भेदभावाला बंदी घातली. त्याच वर्षी तशाच आशयाचे कॅलिफोर्नियाचे विधेयक मात्र राज्यपालांनी नाकारले. शिवाय चहा आणायला गेलेला माणूस परत का आला नाही, हे कोणत्याही कायद्याखाली सिद्ध करता येत नाही. ज्यांचे ग्रीन कार्ड वा नागरिकत्व झाले आहे, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांत आम्हीही आलो.

म्हणून हल्ली दौरा ठरला की त्या गावातील आपल्या मंडळींना आधी कळवतो. काम मागत नाही, चहा मागतो. आपला तरुण कोणी परिषदेत असेल तर त्याला जेवणाच्या टेबलावर सोबत नेतो आणि त्याची ओळख गावावरून न करता त्याच्या कामावरून करून देतो. कोण काय म्हणाले ते रात्रीच कार्डाच्या मागे लिहितो, नाहीतर घरी परतल्यावर सगळे चेहरे एक होतात. दोन दिवसांत तीन ओळींचा निरोप धाडतो. आमची लेक रात्रीच्या मद्यपानाच्या मेळाव्यांना जात नाही; ती लोकांना सकाळच्या न्याहारीला बोलावते आणि तिच्या ओळखी आमच्याहून अधिक टिकतात, हे तिच्यासमोर कबूल करणे जड जाते.

पुढील महिन्यात कामासाठी वॉशिंग्टनला जाणे आहे. तेथून दक्षिणेला मेरीलँडमधील अकोकीक येथे ऑक्टोबर २०२३ मध्ये बाबासाहेबांचा १९ फुटी पुतळा उभारला गेला. बुधवारी काम संपवून तिकडे जाणार आहोत, गाडीत तीन जागा मोकळ्या आहेत. सोबत येणाऱ्या दोन तरुणांपैकी एकाला रुग्णालयांच्या नोंदींच्या कामात शिरायचे आहे. सोलापूरच्या बाईंना त्याच्याविषयी लिहिले आहे. त्या भागात या क्षेत्रातील आणखी कोणी असेल तर कळवावे.