औषधाला काय कळते?

मुलांनो, पावसाळ्यात ओढ्यावर उडणारा चतुर तुम्ही पाहिला असेल. उर्दूत आपण त्याला भंभीरी म्हणतो. त्याचे बालपण मात्र पाण्यात जाते. तिथे त्याची अळी डासांच्या अळ्या पकडून खाते.

अळी कात टाकत टाकत वाढते. डायफ्लुबेन्झुरॉन नावाचे कीटकनाशक तिचे नवे कवच नीट तयारच होऊ देत नाही. त्यामुळे कात टाकताना ती मरते. अळी डासाची की चतुराची, हे औषधाला काय कळते? पाणी मात्र पूर्वीसारखेच स्वच्छ दिसते!

आता हिशेब करा. उन्हाळी हवेत डास ८-१० दिवसांत तयार होतो. चतुराला निदान महिना-सव्वा महिना लागतो. काही जातींना तर वर्षही लागते. मग औषधाचा जोर ओसरल्यावर ओढ्यात आधी कोण परतेल? डासच!

घराजवळच्या डबक्यात डासांचे औषध टाकावे लागते, ते ठीक. पण पिकावर फवारणी केलेला पंप ओढ्यात धुणे मला मुळीच पटत नाही. ते पाणी शेतातच ओतावे. तुमचे अब्बा किंवा चाचा पंप घेऊन ओढ्याकडे निघाले, तर त्यांना हा हिशेब जरूर सांगा.