गाठीच्या दारात अडलेले औषध

स्वादुपिंडाच्या कर्करोगावर औषधे नाहीत असे नाही. ती गाठीत शिरत नाहीत, हे खरे दुखणे आहे. गाठीभोवती तंतुमय ऊतींचा घट्ट वेढा, आतल्या रक्तवाहिन्या दबलेल्या आणि प्राणवायूची चणचण. शिरेतून दिलेली केमोथेरपी अंगभर फिरते, रुग्णाला उलट्यांनी बेजार करते आणि जिथे जायचे तिथे जेमतेम पोहोचते.

आयर्लंड बेटाच्या उत्तर टोकाला कोलरेन आहे. तिथे अल्स्टर विद्यापीठातील जॉन कॅलन आणि अँथनी मॅकहेल यांनी नेमक्या या अडचणीला हात घातला. ऑक्सफर्डच्या एलिनॉर स्ट्राइड यांच्या साथीने त्यांनी तांबड्या रक्तपेशीहूनही लहान बुडबुडे घडवले. वर स्निग्ध कवच, पोटात प्राणवायू आणि कवचाला जोडलेली दोन द्रव्ये: फाइव्ह-फ्लुओरोयुरॅसिल हे जुनेजाणते केमो-औषध आणि रोझ बेंगाल, म्हणजे डोळ्यांच्या तपासणीत वापरला जाणारा रंग. बाहेरून गाठीवर ध्वनिलहरी रोखल्या की बुडबुडे तिथेच फुटतात. औषध जागेवर उतरते. ध्वनीने चेतवलेला रंग सुटलेल्या प्राणवायूपासून पेशींना मारक रेणू तयार करतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांच्या गाठींवर हा दुहेरी मारा एकेकट्या उपचारापेक्षा सरस ठरला.

उंदीर आणि माणूस यांत अंतर आहेच. पण नॉर्वेतील बर्गन येथे स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या १० रुग्णांना जेमसिटाबिन हे नेहमीचे केमो-औषध, बाजारात मिळणारे बुडबुडे आणि सोनोग्राफीचे यंत्र यांच्या जोडीने उपचार दिले गेले. त्यांचे मध्यक आयुर्मान १७.६ महिने भरले. आधीच्या रुग्णांचे ८.९ होते. तुलना जुन्या नोंदींशी आणि रुग्ण मोजके, म्हणून हुरळून जायला नको. दुर्लक्ष करणे मात्र परवडणार नाही. ऑक्सफर्डमध्ये तर उष्णतेने उघडणाऱ्या कुप्यांतले औषध केंद्रित ध्वनीने यकृतातील गाठींत सोडले गेले, तेव्हा तिथले प्रमाण सरासरी ३.७ पट वाढले.

महाराष्ट्राने हे लांबून पाहत बसू नये. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेल्या, कर्करोगावरील कार-टी पेशी-उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. अभियंता आणि कर्करोगतज्ज्ञ एकत्र बसले की काय होते, ते मुंबईने दाखवले आहे. सोनोग्राफीचे यंत्र तर तालुक्याच्या गावीही आहे. राज्य आणि केंद्र सरकारने ध्वनी व औषध यांच्या एकत्रित उपचाराच्या नियंत्रित चाचण्यांसाठी स्वतंत्र निधी द्यावा आणि सुरुवात स्वादुपिंडाच्या रुग्णांपासून करावी.