मैदानाच्या फाटकाशी

पहाटे मारेगावच्या रस्त्याने फिरायला निघावे, तर पोलीस भरतीसाठी धावणारी मुले भेटतात. कुणाच्या घरी कोरडवाहू कापूस, कुणाची आई दुसऱ्याच्या शेतात निंदायला जाणारी. उद्या यांच्या अंगावर खाकी चढेल, तेव्हा ही मुले कशी वागतील? परवा एक जुना इराणी चित्रपट पाहताना हा प्रश्न मनात आला.

जाफर पनाही यांचा ‘ऑफसाइड’ २००६ सालचा. ८ जून २००५ रोजी तेहरानच्या आझादी स्टेडियमवर इराण-बहारीन फुटबॉल सामना होता. असे सामने पाहण्यास तेथे स्त्रियांना मज्जाव. तरीही काही मुली मुलांचा वेश करून येतात, पकडल्या जातात आणि कठड्यात अडकवल्या जातात. भिंतीपलीकडे जल्लोष चाललेला, आणि यांना चेंडूही दिसत नाही! पहाऱ्यावर सक्तीच्या सैनिकी सेवेतले तरुण. त्यांच्यातल्या एकाला गावाकडच्या गुरांची काळजी. पण मुलींची तळमळ पाहून एक शिपाई स्वतः सामना बघत त्यांना एकेक हकीकत सांगू लागतो. हुकूम पाळतो, पण माणुसकी सोडत नाही.

आपल्याकडे अशी बंदी नाही, म्हणून आपण निर्धास्त व्हावे काय? नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या कार्यावर बेतलेला नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) आठवून पाहा. परदेशी स्पर्धेला जायचे, तर एका मुलाच्या पासपोर्टला पोलिसांतली नोंद आडवी येते. आदिवासी मोनिकाचा बाप ओळखीच्या कागदासाठी वणवण करतो. कोलाम-गोंडांच्या वस्त्या असलेल्या मारेगाव तालुक्यात ही वणवण कुणाला समजावून सांगायला नको.

बंदोबस्त हवाच. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर फुटबॉल सामन्याच्या वेळी १६ प्रेक्षक प्राणांस मुकले, हे विसरता येत नाही. पण बंदोबस्त माणसांना सांभाळण्यासाठी असतो, त्यांना हिणवण्यासाठी नव्हे. इराणमध्येही १० ऑक्टोबर २०१९ रोजी त्याच आझादी स्टेडियममध्ये काही हजार स्त्रियांनी तिकीट काढून सामना पाहिला. फाटके उघडतात, उशीर मात्र फार होतो.

भरतीत उंची मोजतात, छाती मोजतात, धाव मोजतात. त्या शिपायाचे मन कोणत्या फूटपट्टीने मोजणार? ते आईबापांनी घरातच घडवायचे असते, खाकी अंगावर चढण्याच्या कितीतरी आधी.