झाडू कुठल्या खात्यात?

मी धक्क्यावर मासळीचे क्रेट आणि बर्फाच्या लाद्या उचलतो. दहावी पास. कविता करतो म्हणून पोरं मला शहाणा समजतात. आज कविता नाही, हिशेब मांडतो.

माझी आये किनाऱ्यावरच्या एका पालिकेत झाडू मारते. कंत्राटावर. पालिकेचं नाव लिहीत नाही; लिहिलं तर उद्या आयेचं नाव हजेरीतून गळेल. फेब्रुवारीत अंदाजपत्रकाची बातमी तिला वाचून दाखवली. कचऱ्याची फी वाढणार. का, तर कर्मचाऱ्यांचे पगार वाढले, खर्च झेपत नाही, काटकसर पाहिजे. आये म्हणाली, "झाडतंय मी, मगे पगार कोणाचो वाढलो?"

दोस्तांनो, या एका प्रश्नात सगळं अंदाजपत्रक नागडं होतं.

पालिकेच्या वहीत कायम माणूस 'आस्थापना खर्चा'त बसतो. कंत्राटातला माणूस तिथं नसतोच. तो ठेकेदाराच्या बिलात असतो, डिझेल आणि ब्लीचिंग पावडरच्या रांगेत. महापालिकांना तर आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या आत ठेवायची अट आहे. मग टक्का खाली कसा आणायचा? रस्ते तेवढेच, घाण वाढलेली. तेव्हा माणूस एका खात्यातून उचलायचा आणि दुसऱ्या खात्यात फेकायचा. झाली काटकसर! ठेकेदाराचा नफा चालतो, आयेचा प्रॉव्हिडंट फंड तेवढा बोजा!

कायम कारकुनाच्या पगारावर माझा डोळा नाही. त्यानं भांडून मिळवलाय, त्याला लखलाभ. त्याला आणि आम्हाला झुंजवून तिसराच लोणी खातो, त्याच्यावर माझा डोळा आहे.

पैसा कुठून आणायचा, हा सवाल खोटा नाही. १९९९ साली नगरपालिकांची जकात गेली आणि पालिका सरकारी अनुदानाकडं तोंड करून बसल्या. २०१६ च्या घनकचरा नियमांनी सांगितलं, कचऱ्याची फी घ्या. घ्या की! पण कुणाकडून किती? मुंबईत २०२५ साली घरामागं महिन्याला १०० ते १००० रुपये लावायचा मसुदा निघाला. त्याच वर्षी त्या महापालिकेचं अंदाजपत्रक होतं ७४,४२७ कोटींचं! आमच्या किनाऱ्यावर सीझनला पर्यटक येतो, खातो, पितो, बाटल्या वाळूत टाकून जातो. ती घाण हॉटेलात पिकते. तिची फी हॉटेलानं भरावी. खोलीतल्या म्हातारीनं कित्याक भरायची?

आणि पैसा नाही असं आम्हाला सांगू नका. मालवणात राजकोटावरचा महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. वर्षाच्या आत नवा उभा राहिला. तो पैसा पालिकेचा नव्हता, मान्य. महाराजांना आमचाही मुजरा आहे. पण मनात आलं की तिजोरी किती झपाट्यानं उघडते, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

मुंबईत दत्तक वस्ती योजनेत झाडणाऱ्या माणसाला 'स्वयंसेवक' म्हणाले आणि त्याच्या पगाराला 'मानधन'. पांढरपेशांची भाषा बघा, केवढी सोज्वळ! त्याच शहरातल्या २७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करा, हे सुप्रीम कोर्टानं सांगायला २०१७ साल उजाडावं लागलं.

लाड-पागे समितीनं सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी दिली. भटाच्या पोराला पोथी, आमच्या पोराला झाडू, असा हा वारसा! तरी भाकरी आहे म्हणून आमच्या बापांनी तो घट्ट धरला. आता कंत्राट आलं. वारसाला द्यायला कायम जागाच उरली नाही. जात ठेवली, पगार तेवढा काढून घेतला.

वेंगुर्ल्याला जाऊन बघा. डम्पिंगच्या जागेची बाग झाली, कचरा वीसेक प्रकारांत वेगळा होतो, बाहेरगावचे साहेब बघायला येतात. चांगली गोष्ट आहे. पण तो वेगळा करणारी बोटं कुणाची, हे कुठल्या अंदाजपत्रकात छापतात?

बाबासाहेबांनी मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ काढला तो दयेची भीक मागायला नाही. आम्हीही मागत नाही. आमचं म्हणणं तीन ओळींचं आहे. जे काम रोज आहे त्याचा माणूस कायम करा. फी घाणीच्या मापानं लावा, हॉटेलाला हॉटेलासारखी, खोलीला खोलीसारखी. आणि काटकसरीची कात्री पहिली ठेकेदाराच्या टक्क्यावर चालवा.

बहुतेक पालिकांत काही वर्षं प्रशासकच अंदाजपत्रक मांडायचा आणि तोच मंजूर करायचा. २०२५ च्या डिसेंबरात नगरपालिकांना मतदान झालं. आता ज्याला मत दिलं त्याची गचांडी धरता येते. पोरांनो, नाक्यावर गजाली खूप झाल्या. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा आणि आपापल्या पालिकेचं अंदाजपत्रक मागा. आपली आई त्यात कुठल्या खात्यात आहे ते शोधा.

सापडली नाही, तर सभागृहाच्या दारात झाडू घेऊन उभे राहा. त्या दिवशी रस्ता झाडायचा नाही.